दहावीच्या पुस्तकातून गेलेली भावकी

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की बाची मागं पडते आणि शिनोळी येते. मध्येच राज्य बदलतं. माती तीच तांबडी, भाताची खाचरं तीच, घरातली बोलीही तीच. पाट्यांवरची अक्षरं तेवढी बदलतात. पण गेल्या काही वर्षांत या रस्त्यावर आणखी एक हद्द पडली आहे आणि तिच्यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. शिनोळीकडच्या, महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीतल्या पोरानं विज्ञानाचा दुसरा भाग उघडला की पहिलाच धडा समोर येतो, 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. बेळगावात एनसीईआरटीचं पुस्तक लावलेल्या शाळेतली त्याच वयाची मुलगी, कदाचित त्याच्या सख्ख्या मावशीची, त्या धड्याचा अर्धाच भाग वाचते. तिच्या पुस्तकात नुसती 'आनुवंशिकता' उरली आहे. उत्क्रांती काढून टाकली आहे.

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. उत्क्रांतीचा तास मी कधी डार्विनपासून सुरू केला नाही. पोरांना बाकावर जरा पुढं सरकायला लावायचो आणि पाठीचा कणा जिथं संपतो तिथं बोट ठेवायला सांगायचो. हे काय? अर्धा वर्ग एकदम ओरडायचा, "माकडहाड!" झाडावरून, सायकलवरून, जिन्यावरून आपटलेल्या प्रत्येक पोराला हा शब्द आईकडून आधीच मिळालेला असतो. मग मी विचारायचो, माणसाच्या हाडाला माकडाचं नाव कसं पडलं? तिथून पुढचा तास पोरंच पुढं न्यायची.

माकडहाड म्हणजे तीन ते पाच छोटे मणके एकमेकांना चिकटून झालेला कण्याचा शेवट. आईच्या पोटातला गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याला चक्क शेपूट असतं, आठवा आठवडा सरेपर्यंत ते विरून जातं. हे शेपूट गेलं कसं, याचा एक मोठा धागा २०२४ साली हाती लागला. टीबीएक्सटी नावाच्या जनुकात 'अलू' म्हणून ओळखला जाणारा डीएनएचा एक तुकडा येऊन बसला आहे. तो माणसात आहे, चिंपांझीत आहे, गोरिला, ओरांगउटान आणि गिबनमध्येही आहे. शेपूट असलेल्या माकडांत नाही. म्हणजे ही घडामोड सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, आम्हा सगळ्या बिनशेपट्यांच्या एका सामाईक पूर्वजात झाली. चूक एकदा झाली आणि नक्कल होत होत सगळ्या घरांत गेली. परीक्षेत दोन मुलांच्या पेपरांत एकाच ओळीत एकच चूक सापडली तर मास्तर काय समजतो, ते पोरांना सांगावं लागत नाही.

अशीच दुसरी चूक आपण रोज जेवणात भरून काढतो. ताटात लिंबाची फोड लागते, आवळा लागतो, कारण आपल्या शरीराला क जीवनसत्त्व बनवता येत नाही. कुत्र्याला येतं, गाईला येतं. ते बनवणारं जनुक आपल्यात आहे, पण मोडलेलं. माकडांत आणि वानरांतही ते मोडलेलंच आहे. मात्र पश्चिम घाटाच्या रानात रात्री बाहेर पडणारा, मोठाल्या डोळ्यांचा लोरिस, ज्याला कन्नडात 'काडुपापा' म्हणजे रानातलं बाळ म्हणतात, तो आपल्याच नरवानर गणातला असूनही क जीवनसत्त्व स्वतः बनवतो. त्याची चूल आपल्यापासून सहा कोटी वर्षांहून आधी वेगळी झाली. जनुक मोडलं ते त्यानंतर, आपल्या चुलीवर.

चूल वेगळी होणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो. "माणूस माकडापासून झाला" हे वाक्य चुकीचं आहे आणि उत्क्रांतीवरचे निम्मे वाद त्या एका वाक्यानं लावले आहेत. आपल्या गावांत भावकी काय असते हे सगळ्यांना कळतं. एक जुना वाडा, वाटण्या होत गेल्या, एक घर वेशीकडं गेलं, एक मळ्यात राहिलं. मळ्यातला चुलतभाऊ हा माझा आजा नव्हे. आम्हा दोघांचा आजा एक. चिंपांझीची आणि आपली वाटणी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी झाली. त्यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रं, आपल्यात ४६, आणि हरवलेली जोडी हरवलेली नाहीच. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र म्हणजे त्यांच्याकडची दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडलेली आहेत, सांध्याची खूण अजून वाचता येते. डीएनएची अक्षरं ओळीनं लावून पाहिली तर त्यांच्यात आणि आपल्यात शंभरात एक-सव्वा अक्षराचा फरक निघतो.

हे सगळं दहावीतून काढलं. आधी कोरोनाच्या काळात ओझं कमी करायचं म्हणून, मग कायमचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये देशातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी याविरुद्ध पत्र लिहिलं. उत्तर आलं की बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच. आहे, पण बारावीला जीवशास्त्र घेणारी पोरं किती? जो कॉमर्सला जाईल, आयटीआयला जाईल, दहावीनंतर बापाच्या दुकानात बसेल, ज्या मुलीचं अठरा पुरताच लग्न होईल, त्यांच्यासाठी दहावी हा विज्ञानाचा शेवटचा दरवाजा आहे. डॉक्टर होणाऱ्याला उत्क्रांती पुढं भेटेलच. मला काळजी बाकीच्यांची आहे, कारण शेजारी कोण राहील, पोरीला स्थळ कोणतं बघायचं, कुणाला कामावर ठेवायचं हे बाकीचेच ठरवतात.

आणि सीमाभागात हे ठरवताना तोंडाकडं बघतात. आपल्याकडं चेहरा वाचायची सवय फार जुनी आहे. नाकावरून जात, रंगावरून गाव, उंचीवरून "घाटावरचा की खालचा". भाषणात "मराठी रक्त" येतं, पलीकडच्या भाषणात "कन्नड रक्त" येतं. सीमालढ्याशी माझं वैर नाही. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला मी वर्षानुवर्षं जात आलो आहे. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत आमची मराठी गावं म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) घातली ते अन्यायाचं होतं असं मी तेव्हाच्या माणसांकडून ऐकत वाढलो आणि आजही मानतो. पण तो दावा भाषेचा आहे. पोरानं कोणत्या भाषेत शिकावं, सात-बारा कोणत्या लिपीत मिळावा, याचा आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात जो सीमादावा पडून आहे त्यात रक्ताचा मुद्दा कुठंही नाही. त्यात रक्त आणलं की आपली बाजू वजनदार होत नाही, ती खोटी होते.

रक्तदान शिबिरात जाऊन बघा. पिशवीवर ए, बी, ओ, एबी आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच लिहितात. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ज्या आरएच घटकावरून ठरतं, त्यातला आरएच हा शब्द ऱ्हीसस माकडावरून आला. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांना तो घटक त्या माकडाच्या रक्ताच्या प्रयोगांतून सापडला. ए आणि बी हे भेद तर माणूस आणि गिबन यांची वाटणी व्हायच्याही आधीचे आहेत, कोट्यवधी वर्षं तसेच चालत आले आहेत. म्हणजे सख्ख्या भावाचा गट माझ्याहून वेगळा असू शकतो आणि बी गट मात्र गोरिलात सापडतो. रक्तानं माणसं वेगळी करायला निघालात तर ते तुमची हद्द तुमच्याच घरातून काढतं.

माणसांत फरक नाहीत असं मी म्हणत नाही. फरक आहेत, डोळ्यांना दिसतात, आणि ते लपवून मुलांना "सगळे सारखे" असं शिकवणारा मास्तर मला पटत नाही. पोरं डोळ्यांनी बघतात, मग ती मास्तरावर विश्वास ठेवत नाहीत. प्रश्न फरक कसे पसरलेत हा आहे. १९७२ साली रिचर्ड लेवाँटिन यांनी जगभरच्या समूहांमधले रक्तातले भेद मोजले, तेव्हा एकूण फरकातला सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत निघाला. पुढं डीएनए वाचायला आल्यावरही चित्र तेच राहिलं. कॅमेरूनमध्ये एका नदीच्या दोन बाजूंना राहणारे चिंपांझी जनुकांनी एकमेकांपासून जितके दूर आहेत, तितकी वेगवेगळ्या खंडांतली माणसंही नाहीत. रानात उरलेले चिंपांझी काही लाख, आपण आठशे कोटी, आणि तरीही विविधता त्यांच्यात जास्त. कारण आपण अगदी अलीकडचे, थोड्या माणसांपासून पसरलेले. आफ्रिकेत तीनएक लाख वर्षांपूर्वी घडलो, त्यातली एक फांदी पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी बाहेर पडली आणि उरलेलं जग तिनं भरलं.

ब्रिटिशांनी हे मोजायचा प्रयत्न नाकावरून केला होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ली नाकाची रुंदी भागिले नाकाची लांबी असा आकडा काढून माणसांचे वंश पाडत होते. त्यांच्या कोष्टकात मराठी कुणबी, मराठी ब्राह्मण आणि कूर्गचे कोडगू एकाच 'सिथो-द्रविडी' खान्यात बसले. म्हणजे मराठी आणि कर्नाटकातला माणूस एकाच रांगेत! पुढं कळलं की नाकपुड्यांची रुंदी बऱ्याच अंशी हवेशी जोडलेली आहे. थंड, कोरड्या हवेत अरुंद नाक श्वास आत जाण्याआधी तो जास्त चांगला ऊबदार आणि ओलसर करतं. वंशाचा पुरावा म्हणून मोजलेली गोष्ट हवामानाची नोंद निघाली.

मराठी वाचकांना इरावती कर्वे समाजशास्त्रज्ञ आणि लेखिका म्हणून माहीत आहेत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत डॉक्टरेटसाठी गेल्या होत्या, हे कमी जणांना माहीत असतं. फिशर वंशश्रेष्ठतावाले, गोऱ्यांच्या कवटीचा असमतोल त्यांच्या बुद्धीची खूण असणार, असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि निकाल लिहिला की वंशाप्रमाणं असा काही फरक दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या तोंडावर, एका तरुण मराठी बाईनं. पुण्याला परतल्यावर त्यांनी आयुष्यभर महाराष्ट्रातल्या जातींची मापं घेतली, रक्तगट तपासले. १९६८ साली कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी एकाच पायरीच्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली; एक वर्ण म्हणून ज्यांना आपण एकरक्ताचं धरतो ते गट एकमेकांपासून वेगळे निघाले. आमच्या शाळांच्या भिंतींवर थोरांचे खूप फोटो असतात. बाईंचा फोटो मी अजून एकाही सीमाभागातल्या शाळेत पाहिलेला नाही, आणि हे मला मनापासून लागतं.

रंगाचं बोलायलाच हवं, कारण आमच्याकडं सगळ्यात जास्त दुःख त्यानं होतं. विठोबाला आपण सावळा म्हणतो, कानडाही म्हणतो, त्याच्या पायी डोकं ठेवतो, आणि घरी येऊन स्थळाच्या कागदावर "मुलगी उजळ हवी" लिहितो. कातडीतलं मेलॅनिन हे ऊन अडवणारं छत्र आहे. कडक उन्हात ते रक्तातल्या फोलेट या जीवनसत्त्वाचं रक्षण करतं, आणि फोलेट पोटातल्या बाळाचा मणका घडायला लागतं. जिथं ऊन कमी तिथं हेच छत्र ड जीवनसत्त्व बनण्याच्या आड येतं, म्हणून तिकडं हलक्या रंगाची माणसं टिकली. २००५ मध्ये एसएलसी२४ए५ नावाचं जनुक सापडलं, तेही झेब्राफिश नावाच्या इवल्या माशावर काम करताना. त्यातलं एक अक्षर बदललं की रंग उजळतो. तो बदल युरोपात जवळजवळ सगळ्यांत आहे आणि भारतात उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कमी-जास्त प्रमाणात सांडलेला आहे, एकाच घरात एका बहिणीला मिळतो, दुसरीला नाही. जातीची, भाषेची, राज्याची कुठलीही रेघ त्याला अडवत नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणारी बाई आणि तिची गोरी भाची यांच्यात जे अंतर आहे ते काही अक्षरांचं आहे, आणि त्या अक्षरांवर पोरींची लग्नं मोडतात.

भारतातल्या जवळजवळ सगळ्या समूहांत दोन जुन्या प्रवाहांचं मिश्रण आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संस्थेनं आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून २००९ आणि २०१३ मध्ये दाखवलं. हे मिसळणं साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात चाललं होतं. त्यानंतर जातीबाहेर लग्नं थांबली. शुद्धतेचा अभिमान ज्या काळाकडं बोट दाखवतो, तोच काळ सगळ्यात जास्त मिसळण्याचा होता.

आता जे सांगायचं ते सिद्दींबद्दल. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानांत आणि आमच्या खानापूर तालुक्यातही सिद्दी राहतात. पोर्तुगीजांच्या काळात पूर्व आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची ही लेकरं. गोव्याकडून पळून घाटावरच्या जंगलात शिरली. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात कोकणीच्या वळणाची बोली, बाजारात मराठी आणि कन्नड. २०११ साली झालेल्या जनुकीय अभ्यासानं त्यांची मुळं आफ्रिकेतल्या बांटू भाषिक लोकांपर्यंत नेली आणि त्यांच्यात गेल्या सुमारे दोनशे वर्षांत स्थानिक भारतीय रक्त मिसळल्याचंही दाखवलं. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना २०२० पर्यंत थांबावं लागलं. एकाच रानातली माणसं, जिल्ह्याची रेघ मध्ये आली म्हणून सतरा वर्षं.

१९८०च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलांना हेरून धावपटू करायची योजना आणली. आफ्रिकी वंश म्हणजे धावणारच, हा त्यामागचा विचार. काही मुलांनी खरोखर पदकं आणली. योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली, आणि मुलं परत रानात आली. मी ज्या शाळांत शिकवलं त्यातल्या एकीत नववीला एक सिद्दी मुलगा होता. क्रीडादिनी त्याला न विचारताच त्याचं नाव चारशे मीटरला घातलं. तो चौथा आला. एक सहकारी सगळ्यांदेखत म्हणाले, "सिद्दी असून चौथा?" त्या पोराचा चेहरा मला आजही दिसतो. त्याला हिणवायचा त्यांचा हेतू नव्हता, कौतुकाचीच अपेक्षा होती. पण कौतुकाची असली तरी ती कातडीकडून केलेली अपेक्षा होती, त्या पोराकडून नव्हे. आफ्रिका हा तर माणसांतल्या सर्वांत जास्त जनुकीय विविधतेचा खंड; तिथली दोन माणसं एकमेकांपासून जितकी दूर असू शकतात तितका एखादा युरोपीय एखाद्या आशियाई माणसापासून नसतो. आणि रंग तर आणखी फसवा. अंदमानचे आदिवासी दिसायला आफ्रिकी वाटतात, जनुकांनी आशियाई लोकांच्या जवळचे आहेत. त्या सहकाऱ्यांना हे कुणी दहावीत शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मीही बोललो नाही. पुढच्या सोमवारी वर्गात बोललो, पण ते सोमवारी झालं.

माझे काही मित्र म्हणतात, मराठी शाळा पटाअभावी बंद पडताहेत आणि तुम्ही माकडं घेऊन बसलाय. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मला वाटतं. मराठी शाळा वाचवायची ती तिथं काय शिकवायला? आपल्या भाषेत 'माकडहाड' शब्द आहे, 'भावकी' आहे, 'अक्कलदाढ' आहे. हा विषय मराठीत जितका सोपा शिकवता येतो तितका इंग्रजीत मुलाला कळत नाही, हे मी वर्गात अनुभवलं आहे. मातृभाषेतल्या शाळेच्या बाजूनं याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

धर्माचं म्हणाल तर आमच्या प्रत्येक गावाच्या वेशीवर मारुती उभा आहे. वानरांच्या टोळीनं शेंगांचं शेत उद्ध्वस्त केलं तरी शेतकरी दगड मारताना आधी हात जोडतो. ज्या समाजानं वानराला देव केलं त्याला वानराशी नातं सांगितल्यानं अपमान का वाटावा? "दशावतार म्हणजेच उत्क्रांती" असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. श्रद्धेला विज्ञानाचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि विज्ञानाला पुराणाचं. २०१८ साली केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी म्हटलं होतं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. माझ्या पणजोबांना कुणी जिवंत पाहिलेलं आज गावात उरलेलं नाही. सात-बाराच्या जुन्या नोंदी आहेत, आणि तेवढ्यावर कोर्ट निकाल देतं.

हे नातं न ओळखण्याची किंमत जीव देऊनही मोजावी लागते. खानापूरच्या खांद्याला लागून असलेल्या सत्तरी आणि दोडामार्ग भागात गेल्या दहा वर्षांत माकडतापानं माणसं आजारी पडली, काही दगावली. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा विषाणू गोचिडीतून येतो आणि वानर, माकड, माणूस तिघांनाही मारतो, कारण तिघांची शरीरं जवळची. रानात वानर मरून पडलं की आरोग्य खातं सावध होतं. काजू गोळा करायला गेलेल्या पोराला ते मेलेलं वानर पाहून पाठ फिरवून दवाखान्यात कळवायचं सुचलं पाहिजे, आणि ते सुचायला शरीरांचं नातं आधी डोक्यात असावं लागतं.

एनसीईआरटीनं दहावीचा धडा परत आणावा, ही मागणी आहेच. पण दिल्लीची वाट बघत बसायची गरज नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला वर्षातून दोन तास काढता येतात. पुस्तकात नसलेलं शिकवू नये असा नियम मी कुठं वाचलेला नाही. पालकसभेत उभं राहून "आमच्या पोराला उत्क्रांती कधी शिकवणार?" असं विचारणारा एक बाप निघाला तरी शाळा हलते.

बेळगावच्या टिळकवाडीत माझे एक कन्नड माध्यमाचे निवृत्त शिक्षक मित्र आहेत. मागच्या महिन्यात चहा पिताना त्यांना विचारलं, तुमच्याकडं माकडहाडाला काय म्हणतात? ते म्हणाले, "बालद एलुबु." शेपटीचं हाड. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहू या की." जूनमध्ये शाळा उघडल्यावर खानापूर तालुक्यातल्या दोन शाळांत, एका मराठी आणि एका कन्नड, आम्ही हा तास मिळून घेणार आहोत. फळ्याच्या डाव्या बाजूला मी लिहीन, उजव्या बाजूला ते. पोरांना बाकावर जरा पुढं सरकायला सांगू.